तयारी किती? शून्य ते दहा

‘वजन कमी करा, रोज चाला’ हे वाक्य मी चिठ्ठीच्या तळाशी वर्षानुवर्षे लिहीत आलो. एका बाईंनी ते वाचून शांतपणे विचारले, “डॉक्टर, मागच्या खेपेलाही हेच लिहिले होते ना?” त्यानंतर वर्षभर त्या फिरकल्या नाहीत. आल्या तेव्हा रक्तातील साखर बरीच वाढली होती. त्यांचे वजन, रक्तदाब, कंबरेचा घेर सारे मी मोजले होते. मनाची तयारी तेवढी मोजायची राहिली होती.

प्रोचास्का आणि डिक्लेमेंटे या मानसशास्त्रज्ञांनी १९८३ साली धूम्रपान सोडणाऱ्यांच्या अभ्यासातून सवय बदलण्याचे टप्पे मांडले. पुढे ते व्यायामालाही लागू केले गेले. येत्या सहा महिन्यांत चालण्याचा विचारही नसलेला माणूस आणि महिनाभरात आरंभ करू पाहणारा माणूस, दोघांचे वजन सारखे असले तरी दोघांना एकच सल्ला कसा चालेल?

दवाखान्यात मी साधी पट्टी वापरतो. “नियमित चालण्याची तुमची तयारी शून्य ते दहापैकी किती?” बाई म्हणाल्या, “तीन.” ‘दहा का नाही?’ हा प्रश्न जिभेवर आला होता, तो गिळला. त्या प्रश्नाला उत्तर म्हणून फक्त अडचणी येतात: गुडघे, पाहुणे, वेळ. मी विचारले, “तीन का? एक का नाही?” क्षणभर थांबून त्या म्हणाल्या, “नातवाला कडेवर घेऊन जिना चढताना धाप लागते हो.” हे कारण माझ्या चिठ्ठीत कधीच नव्हते. (अशी धाप लागत असेल किंवा छातीत दुखत असेल, तर आधी तपासणी आवश्यक, ती आम्ही केली.)

“तिनाचे चार कशाने होतील?” सकाळी डब्यांची घाई, संध्याकाळी शेजारणीची सोबत मिळाली तर. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सुचवते. आम्ही ठरवली रोजची दहा मिनिटे. तयारी शून्य-एक असती, तर तेही ठरवले नसते. केवळ पुढच्या भेटीत पुन्हा विचारले असते.

घरच्यांनीही ‘आज गेलीस का?’ ही हजेरी घेणे सोडावे. या बाईंच्या यजमानांना ते जमायला बराच काळ लागला! दिवाळीत आकडा पुन्हा तिनावर घसरला. आता तो सहा आहे आणि चालणे पंचवीस मिनिटांचे.