कचेरीचे टपाल आणि दिनदर्शिका

बेंगळूर शहरातून होसूरच्या रस्त्याने दक्षिणेकडे निघाले, की काही मैलांवर इलेक्ट्रॉनिक सिटी लागते. १९७८ साली कर्नाटक शासनाच्या ‘किऑनिक्स’ ह्या महामंडळाने कोनप्पन अग्रहार व दोड्डतोगूर ह्या खेड्यांच्या परिसरातील ३३२ एकर जमिनीवर ही वसाहत उभारण्यास प्रारंभ केला. महामंडळाचे तेव्हाचे प्रमुख आर. के. बाळिगा ह्यांनी बेंगळूरला अमेरिकेतील सिलिकॉन व्हॅलीच्या तोडीचे करण्याचे स्वप्न पाहिले, तेव्हा ऐकणाऱ्यांना ते धाडसाचेच वाटले असेल. महाराष्ट्राचाही ह्या वसाहतीशी जवळचा संबंध आहे. १९८१ साली पुण्यात जन्मलेली इन्फोसिस कंपनी दोन वर्षांनी बेंगळुरास आली आणि १९९४ पासून तिचे बिऱ्हाड ह्याच वसाहतीत आहे. २०१० साली येथवर उन्नत मार्ग झाला आणि १० ऑगस्ट २०२५ रोजी मेट्रोचेही उद्घाटन झाले.

येथील कचेऱ्यांत रोज सकाळी मंडळी स्थानापन्न झाली, की प्रथम दोन गोष्टी उघडल्या जातात. एक ई-मेल आणि दुसरी संगणकावरील दिनदर्शिका. पूर्वीच्या कचेरीतील आवक-जावक बारनिशी, टपालाची पेटी, भिंतीवरचे कॅलेंडर आणि साहेबांच्या भेटीगाठींची वही ह्या साऱ्यांचे काम आता ह्या दोहोंकडे आले आहे. त्या चालू असतात तोवर त्यांच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. बंद पडल्या, की सारी कचेरी मुकी होते.

टपालाचा अल्प इतिहास

१९७१ साली अमेरिकेत रे टॉमलिन्सन ह्या अभियंत्याने एका संगणकावरून दुसऱ्या संगणकाकडे पत्र धाडले आणि व्यक्तीचे नाव व संगणकाचे नाव ह्यांच्यामध्ये आज सर्वपरिचित असलेले ‘ॲट’ हे चिन्ह योजले. आपल्या देशात ‘अर्नेट’ ह्या शैक्षणिक जाळ्याचा आरंभ १९८६ साली झाला आणि पुढील वर्षी मुंबईतील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र व पवईची आयआयटी ह्यांच्यात टेलिफोनच्या तारेवरून ई-मेलची देवाणघेवाण सुरू झाली. सर्वसामान्य नागरिकांस इंटरनेट खुले झाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी. पुढे वर्षभरातच, ४ जुलै १९९६ ला, बेंगळुरात वाढलेल्या सबीर भाटिया ह्यांनी जॅक स्मिथ ह्या सहकाऱ्यासह अमेरिकेत ‘हॉटमेल’ सुरू केले. त्यामुळे जगातल्या कोणत्याही संगणकावर बसून आपली पत्रे वाचण्याची सोय सामान्य माणसास झाली.

म्हणजे ह्या विद्येत आपण नवखे नाही. तरीही आपल्या कचेरीचे टपाल नेमके कोठे साठते आणि त्या कोठाराची किल्ली कोणाच्या हाती असते, हा प्रश्न आपल्याकडे फारसा विचारला जात नव्हता. २०२५ सालच्या एका घटनेने तो सर्वांपुढे उभा केला.

जुलै २०२५ चा धडा

नायरा एनर्जी ही मुंबईत मुख्य कचेरी असलेली तेलकंपनी. गुजरातेत वाडिनार येथे तिचा मोठा तेलशुद्धीकरण कारखाना आहे. तिच्यात रशियाच्या रॉसनेफ्ट कंपनीची जवळजवळ निम्मी भागीदारी असल्याने युरोपीय संघाने १८ जुलै २०२५ रोजी तिच्यावर निर्बंध घातले. त्यानंतर थोड्याच दिवसांत मायक्रोसॉफ्टने आपली सेवा थांबवली आणि कंपनीच्या माणसांना स्वतःची ई-मेल उघडता येईना. सेवेचे पैसे पूर्ण भरलेले होते आणि भारतीय कायद्याचा कोणताही भंग झालेला नव्हता, असे कंपनीचे म्हणणे होते. तिने दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली व दरम्यान मुंबईच्या रेडिफकडून ई-मेलची सोय करून घेतली. महिनाअखेरीस मायक्रोसॉफ्टने सेवा पूर्ववत केली आणि ते प्रकरण मिटले.

ह्या प्रसंगात कोणाची बाजू न्याय्य होती, हा येथे विषय नाही. प्रत्येक लहानमोठ्या कचेरीने घ्यावा असा बोध निराळाच आहे. भाड्याच्या घरात राहणे गैर नाही. मात्र घरमालकाने एखाद्या सकाळी कुलूप लावले, तर आपली कागदपत्रे कोठे असतील, ह्याचा विचार घर घेतानाच केला पाहिजे.

निवड कशी करावी?

कचेरीपुढे साधारणतः दोन वाटा असतात. पहिली, स्वतःचा सर्व्हर ठेवण्याची. येथे सत्ता आपली. पण वीज, दुरुस्ती, सुरक्षितता आणि रात्रीअपरात्री धावणारा जाणकार माणूस हेही आपलेच. मायक्रोसॉफ्टच्या ‘एक्स्चेंज’ ह्या प्रणालीच्या २०१६ व २०१९ ह्या आवृत्त्यांची देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. त्यामुळे स्वतःचा सर्व्हर बाळगणाऱ्या अनेक कचेऱ्यांना पुन्हा विचार करणे भाग पडले.

दुसरी वाट भाड्याची. दरमहा दरमाणशी पैसे भरावेत आणि मायक्रोसॉफ्ट, गूगल अथवा झोहो, रेडिफ ह्यांसारख्या कंपन्यांच्या कोठारात टपाल ठेवावे. लहान कचेरीस ही वाट बहुधा सोयीची ठरते. परंतु भाड्याची म्हणून ती निर्धोकच असते असे नाही. अमेरिकेतील रॅकस्पेस कंपनीने भाड्याने दिलेली एक्स्चेंज सेवा डिसेंबर २०२२ मध्ये खंडणीखोरांच्या हल्ल्याने बंद पडली, ती पुन्हा सुरू झालीच नाही. हजारो ग्राहकांना नवे घर शोधावे लागले.

तेव्हा कंपनीचे नाव व दर पाहण्याच्या आधी तीन गोष्टी पाहाव्यात.

पहिली म्हणजे पत्त्याची मालकी. ‘ॲट’ चिन्हापुढील नाव, ज्यास डोमेन म्हणतात, ते कचेरीच्याच नावे नोंदलेले असावे. पुष्कळ लहान कचेऱ्यांत ते संकेतस्थळ तयार करून देणाऱ्याच्या नाहीतर केव्हाच नोकरी सोडून गेलेल्या कर्मचाऱ्याच्या नावे असते. डोमेन आपले असेल, तर टपाल कोणत्या कोठारात टाकावे ही सूचना केव्हाही बदलता येते आणि बाहेरच्यांना पत्ता बदलल्याचे कळवावेही लागत नाही. ह्याचे मोठे उदाहरण केंद्र सरकारचेच आहे. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने सांभाळलेले सरकारी ई-मेलचे काम २०२३ साली सात वर्षांसाठी चेन्नईच्या झोहो कंपनीकडे सोपवण्यात आले आणि सुमारे १२ लाख कर्मचाऱ्यांची टपालपेटी नव्या व्यवस्थेत गेली. पत्ते मात्र पूर्वीचेच राहिले.

दुसरी, बाहेर पडण्याची वाट. पत्रे उचलून नेण्याची ‘आयमॅप’ ही सर्वमान्य पद्धत १९८६ पासून आहे. पण तिने केवळ पत्रेच जातात. दिनदर्शिका, पत्त्यांची वही, सामाईक पेट्या आणि पत्रे आपोआप वेगळी काढण्याचे नियम ह्यांची व्यवस्था निराळी करावी लागते. करार करतानाच विचारून घ्यावे, की निघायचे ठरल्यास आमचे सर्व सामान आम्हांस कोणत्या रूपात मिळेल?

तिसरी, स्वतंत्र प्रत. कोठारवाल्याकडील साठा म्हणजे आपली राखीव प्रत नव्हे. चुकून पुसलेले पत्र तो ठरावीक मुदतीपर्यंतच जपतो. म्हणून एक प्रत अन्यत्र असावी आणि ती खरोखर उघडते किंवा नाही, हे मधूनमधून पाहावे.

दिनदर्शिकेतील गुंतागुंत

दिनदर्शिका दिसते साधी. पण घोटाळे तिच्यातच अधिक. आपल्या देशाची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखावृत्तावरून ठरते आणि ती ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे असते. ती वर्षभर बदलत नाही. अमेरिका व युरोप ह्यांची बदलते. न्यूयॉर्कच्या सकाळी ९ ची बैठक उन्हाळ्यात आपल्या सायंकाळी ६.३० ला, तर हिवाळ्यात ७.३० ला भरते. अमेरिकेत घड्याळे मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे होतात आणि ब्रिटनमध्ये शेवटच्या रविवारी. मधल्या दोनतीन आठवड्यांत तिन्ही देशांचा मेळ बिघडतो. इलेक्ट्रॉनिक सिटीतील माणूस रात्री घरी किती वाजता पोहोचणार, हे अशा एका तासावर ठरते. बैठक कोणत्या देशाच्या वेळेनुसार नोंदली आहे, हे प्रणालीस नीट सांगितले असेल, तर मात्र ती हिशेब चुकत नाही.

सुट्ट्यांचेही तसेच. १ नोव्हेंबरला राज्योत्सवानिमित्त बेंगळूरची कचेरी बंद असते, तेव्हा पुण्याची चालू राहू शकते. १९ फेब्रुवारीला शिवजयंतीनिमित्त पुण्यात सुट्टी असते आणि बेंगळुरात काम चालते. गुढीपाडवा व युगादी मात्र एकाच दिवशी येतात. दोन राज्यांत शाखा असलेल्या कचेरीने प्रत्येक शाखेची सुट्ट्यांची यादी वर्षारंभीच भरून ठेवावी. पुढचे कित्येक गैरसमज त्याने टळतात.

एका प्रणालीतून धाडलेले बैठकीचे आमंत्रण दुसरीत वाचता यावे, म्हणून १९९८ साली एक सर्वमान्य मसुदा ठरला. त्यामुळे आमंत्रणे जातात-येतात; परंतु समोरचा केव्हा मोकळा आहे हे दोन भिन्न प्रणालींत पाहणे अजूनही कठीणच. म्हणून एका कचेरीत शक्यतो एकच प्रणाली असावी. आणखी एक बारकावा सांगितला पाहिजे. दर आठवड्याची बैठक ज्याने बोलावली तो नोकरी सोडून गेला, की ती बैठक निराधार होते. ना कोणास तिची वेळ बदलता येते, ना ती रद्द करता येते. निरोपाच्या दिवशी दुसऱ्याने अशा बैठका नव्याने बोलावून घ्याव्यात.

सांभाळणे हेच खरे काम

निवड एकदाच होते. सांभाळ रोजचा असतो. स्थलांतर करायचे तर आधी पाचसहा माणसांवर प्रयोग करावा, मग विभागवार पुढे जावे आणि जुनी पेटी काही आठवडे चालू ठेवावी. महिन्याचे पगार अथवा कराचे विवरणपत्र ज्या आठवड्यात असेल, तो टाळावा. लेखा, खरेदी, भरती ह्यांचे पत्ते व्यक्तीच्या नावे न ठेवता विभागाच्या नावे ठेवावेत, म्हणजे माणूस गेला तरी पत्रव्यवहार कचेरीतच राहतो.

फसवणुकीचा धोका तर सदाचाच. २०१५ साली ओएनजीसीच्या नाफ्थ्याच्या व्यवहारात ठगांनी कंपनीच्या डोमेनमधील दोन अक्षरांची अदलाबदल करून हुबेहूब दिसणारा पत्ता तयार केला आणि परदेशी ग्राहकास पैसे भलत्याच खात्यात भरावयास लावले. रक्कम होती सुमारे १९७ कोटी रुपये, आणि तपास मुंबई पोलिसांकडे आला. आपल्या डोमेनच्या नावाने दुसऱ्याने पत्र धाडू नये, म्हणून एसपीएफ, डीकेआयएम व डीमार्क ह्या तीन नोंदी करून ठेवण्याची सोय आहे. पण सारख्या दिसणाऱ्या दुसऱ्याच डोमेनपुढे त्याही दुबळ्या. तेथे उपयोगी पडते ती जुनीच रीत: खाते बदलल्याचे पत्र आले, तर आधीपासून ठाऊक असलेल्या क्रमांकावर फोन करून खात्री करावी. पासवर्डाबरोबर दुसरी खूण मागणारी व्यवस्था सर्वांस, विशेषतः वरिष्ठांस, लागू करावी.

कायद्याचीही जाण हवी. ‘सर्ट-इन’ ह्या सरकारी संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या आदेशाप्रमाणे गंभीर सायबर घटना सहा तासांच्या आत कळवावी लागते आणि प्रणालीच्या नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात. ई-मेल न्यायालयात पुरावा म्हणून सादर होऊ शकते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात त्यासाठी प्रमाणपत्राची तरतूद आहे. म्हणजे आज निष्काळजीपणे पुसलेले पत्र उद्या आपल्याच बाजूचा एकमेव साक्षीदार असू शकतो.

हे सारे केवळ मोठ्या कंपन्यांसाठी आहे, असे वाचकांनी समजू नये. गावची शाळा, सहकारी पतपेढी, गृहनिर्माण संस्था, दोन भावांचा कारखाना, ह्या सर्वांचे व्यवहार आज ई-मेलवर चालतात, आणि बहुधा ते एका चिटणीसाच्या खाजगी पत्त्यावर चालतात. चिटणीस बदलला अथवा दिवंगत झाला, की संस्थेची दहा वर्षांची स्मृती त्याच्या पासवर्डाबरोबर नाहीशी होते. पुढील सभेच्या कार्यपत्रिकेत एक विषय अवश्य घालावा: आपला पत्ता कोणाच्या नावे आहे, किल्ली कोणाकोणाजवळ आहे आणि दुसरी प्रत कोठे आहे? ह्या तीन प्रश्नांची उत्तरे इतिवृत्तात लिहून ठेवली, तर त्या संस्थेने अर्धे काम पुरे केले असे समजावे.