घरच्या तलावाला कठडा हवा

आमच्या लहानपणी परसात पाणी असे ते विहिरीत. विहिरीला कमरेइतका दगडी कठडा असे, आणि त्यावर ओणवे होऊन खाली पाहणाऱ्या मुलाच्या पाठीत आजीचा धपाटा बसला नाही असा दिवस विरळा. गवंड्याला कठड्याविषयी निराळे सांगावे लागत नसे. कठड्यावाचून विहीर पुरी झाली असे तोही मानीत नसे. आज गोव्यात बंगल्यांच्या आवारांत पोहण्याचे तलाव झाले आहेत. हौसेत वावगे काही नाही. पण कठडा मात्र मागे राहिला आहे, म्हणून आज हा विषय घेतला.

माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने बार्देशात घरामागे असा तलाव बांधला, तो पाहावयास मी गेलो होतो. निळ्या लाद्या, कडेला माड, सारे मोठे देखणे. "कुंपण केव्हा घालणार?" असे मी विचारले, तेव्हा तो म्हणाला, "सर, कुंपणाने शोभा जाते असे कंत्राटदार म्हणतो. शिवाय घरात कोणी ना कोणी असतेच." आम्ही चहा घेत असताना त्याची तीन वर्षांची मुलगी अंगणातून दिसेनाशी झाली. ती सापडली तलावाच्या दुसऱ्या पायरीवर, छातीइतक्या पाण्यात, पुढे तरंगत गेलेल्या चेंडूकडे हात लांबवून. त्या वेळी घरात आम्ही पाच वडील माणसे होतो, आणि एकाच्याही कानी काही पडले नव्हते.

बुडणारा माणूस हाका मारतो, हात उंचावतो, ही समजूत आपल्याला चित्रपटांनी करून दिली आहे. लहान मूल बुडते ते निःशब्दपणे. तोंड पाण्यावर येते तेवढ्या क्षणात त्याला श्वास घ्यावयाचा असतो. ओरडण्यासाठी श्वास उरत नाही, आणि हात पाणी खाली दाबण्यात गुंतलेले असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२१ साली जगात सुमारे ३,००,००० माणसे बुडून मृत्यू पावली; त्यांत जवळजवळ चौथा हिस्सा पाच वर्षांखालील मुलांचा होता.

म्हणून पहिला नियम कुंपणाचा. न्यूझीलंडने त्यासाठी १९८७ साली स्वतंत्र कायदा केला. फ्रान्सने २००३ च्या कायद्याने कुंपण, आच्छादन, छत किंवा धोक्याची घंटा यांपैकी एक तरी साधन खाजगी तलावाला सक्तीचे केले. माझ्या मते यांत कुंपणाची बरोबरी दुसरे काही करीत नाही. घंटा वाजते तेव्हा मूल पाण्यात पोचलेले असते. मात्र आवाराची भिंत म्हणजे तलावाचे कुंपण नव्हे. भिंत चोराला अडविते, घरातल्या मुलाला नाही. कुंपण तलावाच्या चारही बाजूंनी हवे, आणि घराचे दार त्याच्या आत उघडता कामा नये. उंची निदान चार फूट, दोन गजांमधील फट चार इंचांहून कमी. गज उभेच असावेत. आडवे गज म्हणजे मुलाला आयती शिडी. कुंपणालगत खुर्ची, कुंडी किंवा पेरूचे झाड नको. फाटक तलावाच्या उलट दिशेला, म्हणजे बाहेर उघडणारे, सोडताच आपोआप मिटून कडी पडणारे असावे. कडी मुलाचा हात पोचणार नाही इतकी उंच, पाच फुटांच्या सुमारास बसवावी. फाटकाला वीट लावून ते उघडे ठेवण्याची सवय घरोघरी असते. त्या विटेने सारा खर्च वाया जातो.

दुसरा धोका डोळ्यांना दिसत नाही. तलावाच्या तळाशी निचऱ्याचे तोंड असते आणि तेथून पंप पाणी ओढीत असतो. एकच तोंड असेल आणि त्यावर शरीर टेकले, तर ओढ इतकी बसते की मोठ्या माणसालाही मूल सोडवता येत नाही. अमेरिकेचे माजी परराष्ट्रमंत्री जेम्स बेकर यांची सात वर्षांची नात २००२ साली गरम पाण्याच्या घरगुती हौदात अशीच अडकून गेली. आईने ओढूनही ती सुटली नाही. पुढे २००७ साली तेथे तिच्या नावाने कायदा झाला. निचऱ्याची निदान दोन तोंडे तीन फुटांहून अधिक अंतरावर घ्यावीत, त्यांवर सपाट नव्हे तर फुगीर जाळी पक्की बसवावी, आणि जाळी तुटली की दुरुस्तीपर्यंत पंप बंद ठेवून तलावात कोणी उतरू नये. पंपाचा खटका कोठे आहे हे घरातील प्रत्येकास ठाऊक असावे.

विजेविषयी थोडक्यात: पाण्यातील दिवे १२ व्होल्टचेच, पंपाला अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरला तुटणारा सुरक्षा-खटका.

गच्चीवर तलाव बांधू पाहणाऱ्यांनी एक हिशेब करावा. चार फूट खोल पाण्याचे वजन दर चौरस मीटरला सुमारे १,२०० किलो भरते. साधी गच्ची त्या जागेत साधारण १५० किलो गृहीत धरून बांधलेली असते. जमिनीतील तलावाची गोष्ट उलटी आहे. पावसाळ्यात भूजल वर आले असता तलाव सफाईसाठी रिकामा केला, तर खालचे पाणी त्याला होडीसारखा उचलते आणि लाद्या फुटतात. सफाई उन्हाळ्यात करावी.

औषध पाण्यात टाकावे, औषधावर पाणी ओतू नये. क्लोरीनची पूड आणि आम्ल एका कपाटात ठेवू नये.

इतके करूनही प्रसंग आलाच, तर मुलाला पाय धरून उलटे टांगू नका, पोट दाबून पाणी काढीत बसू नका. त्यात मोलाची मिनिटे जातात. श्वास चालत नसेल तर तोंडाने श्वास देण्यास लगेच आरंभ करा, मग छातीवर ३० दाब व दोन श्वास अशी आवर्तने चालू ठेवा, आणि दुसऱ्या कोणास १०८ ला फोन करावयास सांगा. मूल शुद्धीवर येऊन हसू लागले तरी त्याला इस्पितळात नेलेच पाहिजे, कारण फुप्फुसांत गेलेल्या पाण्याचा त्रास काही तासांनीही उद्भवतो.