तोळा आणि लियांग

आमच्या आधीच्या पिढीला शाळेत दोन कोष्टके पाठ करावी लागत : सोळा आण्यांचा रुपया आणि सोळा छटाकांचा शेर. चीनमध्येही असेच होते. तेथे सोळा 'लियांग' म्हणजे एक 'जिन'. सोळाच का? सोळाचे निम्मे करीत गेले तर एकापर्यंत कोठेही अपूर्णांक आडवा येत नाही. म्हणूनच दोन गोष्टी सारख्याच असल्या, तर 'एक अर्धा जिन, दुसरी आठ लियांग' असे चिनी माणूस म्हणतो.

युरोपीय व्यापारी लियांगला 'टेल' म्हणत. हा शब्द मलायी 'ताहिल'वरून आला. आणि ताहिलचे मूळ आपल्या तोळ्यात असावे, असे काही कोशकार मानतात. वजन मात्र निराळे. तोळा ११.६६ ग्रॅमचा, तर चिनी सरकारी खजिन्याचा लियांग सुमारे ३७.३ ग्रॅमचा, म्हणजे जवळजवळ ३.२ तोळ्यांचा.

पुढे दोन्ही देशांनी दशमानाची वाट धरली. आपल्याकडे १९५६ साली कायदा झाला. चीनने १९५९ साली ५०० ग्रॅमच्या जिनचे सोळाऐवजी दहा लियांग केले. त्यामुळे ३१.२५ ग्रॅमचा लियांग एकदम ५० ग्रॅमचा झाला. भाजीच्या बाबतीत हे चालून जाते. पण वैद्याने जुन्या हिशेबाने लिहिलेले औषध नव्या लियांगने तोलले, तर मात्रा दीडपटीहून अधिक! हे ओळखून औषधांपुरती जुनी पद्धत १९७९ पर्यंत चालू ठेवण्यात आली.

सौंदडच्या भातपट्ट्यात हे सहज पटेल. पायली हे माप आहे, वजन नव्हे. ओले भात आणि वाळलेले भात एकाच पायलीत सारखे भरेल, तराजूवर सारखे उतरणार नाही. पायली शिगेची की सपाट, यावरही देणाऱ्याघेणाऱ्याचा नफातोटा ठरतो. शेर ९३३ ग्रॅमचा, म्हणून चाळीस शेरांचा मण ३७.३२ किलोंचा. तो कोणी सरळ चाळीस किलोंचा धरला, तर शेतकऱ्याचे मणामागे पावणेतीन किलोंच्या जवळपास भात फुकट गेले.

शेर गेला, तरी 'पैशाला पासरी' भाषेत राहिले. आणि दहा ग्रॅम सोन्यालाही आपण तोळाच म्हणतो. नाव तेच राहते, वजन बदलते. म्हणून व्यवहारात नावाआधी वजन विचारावे, एवढेच आमचे सांगणे.