रॅम्प मर्यादा (वीजनिर्मिती)

रॅम्प मर्यादा म्हणजे वीजनिर्मिती संचाचे उत्पादन ठरावीक वेळेत जास्तीत जास्त किती वाढवता किंवा घटवता येते, याची मर्यादा. ती मेगावॅट प्रतिमिनिट किंवा स्थापित क्षमतेच्या टक्के प्रतिमिनिट या एककात मोजतात. चढती व उतरती मर्यादा वेगवेगळी असू शकते.

कारण

औष्णिक संचात बाष्पाचे तापमान झपाट्याने बदलल्यास बाष्पक व टर्बाइनच्या जाड धातूच्या भागांवर ताण येऊन त्यांचे आयुष्य घटते. कोयनेसारख्या जलविद्युत केंद्रांतील संच मात्र काही मिनिटांत पूर्ण भार घेऊ शकतात.

वेळापत्रकातील वापर

भारतात विजेचे वेळापत्रक १५ मिनिटांच्या ९६ कालखंडांत आखले जाते. लागोपाठच्या दोन कालखंडांतील उत्पादनाचा फरक रॅम्प दर आणि कालखंडाची मिनिटे यांच्या गुणाकाराहून अधिक नसावा, ही मूळ अट होय. त्याचबरोबर उत्पादन संचाच्या किमान व कमाल मर्यादेतच राहावे लागते.

उदाहरण

मैंदर्गी ज्या सोलापूर जिल्ह्यात आहे, तेथील एनटीपीसीच्या औष्णिक केंद्रात प्रत्येकी ६६० मेगावॅटचे दोन संच आहेत. अशा एका संचाचा दर १ टक्का प्रतिमिनिट धरल्यास ६.६ × १५ = ९९ मेगावॅट एवढाच बदल एका कालखंडात शक्य होतो. ५५ टक्के भारावरून (३६३ मेगावॅट) पूर्ण भार गाठण्यास ४५ मिनिटे, म्हणजे तीन कालखंड लागतात.

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०२३ च्या विनियमांत कोळशावरील संचांसाठी किमान दर भारानुसार दिले आहेत: ७० ते १०० टक्के भारात ३ टक्के, तर ५५ ते ७० टक्के भारात २ टक्के प्रतिमिनिट. त्यामुळे गणना टप्प्याटप्प्याने करावी लागते. पहिले ९९ मेगावॅट १३.२ च्या दराने ७.५ मिनिटांत वाढतात, उरलेल्या ७.५ मिनिटांत १९.८ च्या दराने १४८.५ मेगावॅटची भर पडते. कालखंडाअखेर उत्पादन ६१०.५ मेगावॅट होते. सरसकट ३ टक्के दर धरल्यास उत्तर ६६० येते, म्हणजेच ४९.५ मेगावॅट वीज केवळ कागदावर राहते.

महत्त्व

सायंकाळी सौरऊर्जा ओसरते आणि घरगुती मागणी वाढते. मर्यादा चुकीची धरल्यास प्रत्यक्ष उत्पादन वेळापत्रकाहून कमी पडते, जालाची वारंवारता ५० हर्ट्झखाली घसरू शकते आणि ही तूट राखीव क्षमतेतून अथवा भारनियमनाने भरून काढावी लागते.