तिथी, भरती आणि डोल

वर्सोवा, मढ, उत्तनच्या कोळ्यांची डोल म्हणजे पिशवीसारखं लांबलचक, टोकाकडे निमुळतं होत गेलेलं जाळं. समुद्रतळात रोवलेल्या खुंटांना ते बांधतात, तोंड प्रवाहाकडे ठेवून. बोंबील, जवळा पाण्याच्या ओढीने आत येतात, त्यामुळे सगळी मदार ओढीवर. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणात ती जोरदार, अष्टमीच्या सुमारास भांगाला मंद.

मुंबईच्या किनाऱ्यावर पूर्ण भरतीची वेळ काढायला तिथीची पाऊणपट करतात. चतुर्थीला साधारण ३ वाजता! किती सुंदर हिशेब आहे हा. खुंट कुठे रोवायचा, कुठे चिखल, कुठे खडक, हे मात्र पंचांगात मिळत नाही. जाणत्या तांडेलांकडून ते त्यांच्याच बोलीत, जागांच्या नावांसह आताच टिपून घ्यायला हवं.