हंगामी मंडळीचं चर्च

महाबळेश्वरला गेलेला माणूस वेण्णा तलाव, दोन-चार पॉइंट आणि बाजारातले चणे एवढं उरकून परततो. त्याच बाजाराच्या वरच्या अंगाला, झाडीत, ख्राइस्ट चर्च आहे. मुंबईचे पहिले अँग्लिकन बिशप थॉमस कार यांच्या हस्ते 1842 मध्ये त्याचं समर्पण झालं. 1867 मध्ये ते वाढवून जवळजवळ नव्यानेच बांधलं.

गव्हर्नर जॉन माल्कम यांनी 1829 मध्ये साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांकडून हा डोंगरमाथा घेतला, बदल्यात वाईकडचं खंडाळा दिलं आणि इथल्या पेठेला त्यांचंच नाव पडलं. उन्हाळा आला की मुंबईचे साहेब दफ्तरासकट वर येत. मग रविवारची उपासनाही वर आलीच. सरकारी पाद्र्याचा पगार तिजोरीतून, म्हणजे रयतेच्याच खिशातून!

जूनमध्ये सगळे खाली उतरत. आमच्या सोलापूर-कुंभारीकडे वर्षाचा पाऊस 800 मिलिमीटरलाही पोचत नाही. इथे एकट्या जुलैत 2,000 च्या घरात पडतो. म्हणून भिंतींना गवताच्या ताट्या बांधून घरं झाकायची इथली जुनी रीत. बांधकामाचा दगड जांभा. खाणीतून काढताना मऊ, हवा लागली की टणक. पण अंगभर भोकं, त्यामुळे पाणी पितो. चिऱ्यांच्या सांध्यात चिमूटभर माती साचली की पिंपळाचं रोप धरतं. मूळ आत शिरलं की चिरा सरकलाच. दरवर्षी गवंडी फिरवावा लागतो, आणि तो बोलावणारं कुणीतरी लागतं.

नेमकं तेच इथे नव्हतं. गावातलं कॅथलिकांचं होली क्रॉस चर्च 1831 चं, पण त्याला गावात राहणारी माणसं मिळाली. सोलापुरात अमेरिकन मराठी मिशनने मराठीत उपासना चालवली, शाळा काढल्या, मंडळी तिथलीच झाली. ख्राइस्ट चर्चची मंडळी मात्र हंगामी. 1947 नंतर साहेब गेले. 1970 मध्ये नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली, अँग्लिकन त्यात सामील झाले. पण बाकांवर बसायला माणसं कुठून आणायची?

साहेबाची वास्तू म्हणून ती पावसाच्या हवाली करणं मला पटत नाही. तिथे उपासना होवो न होवो, पावसाआधी गवंडी कुणी बोलवायचा एवढं तरी महाबळेश्वरकरांनी ठरवून टाकावं.