आधी टेप, मग सुतार

घर लावायचं म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे आधी काय येतं? सोफा, पडदे, शोकेस. थोडक्यात काय, तर पाहुण्यांना दिसणारं सगळं! पण पाहुणे येणार महिन्यातून चारदा. त्या घरात रोज वावरायचंय आपल्याला. म्हणून मैत्रिणींनो, सुताराला बोलावण्याआधी एक वही घ्या आणि घरातल्या प्रत्येकाचा दिवस त्यात लिहून काढा. मुलं अभ्यासाला कुठे बसतात? सासऱ्यांना रात्री कितीदा उठावं लागतं? गाद्या-पांघरुणं, दळणाचे डबे, इस्त्रीचे कपडे कुठे साठतात? खरा आराखडा या वहीतच सापडतो.

मग मुलांच्या दप्तरातला आलेखाचा कागद घ्या. एक फुटाला एक सेंटिमीटर धरून खोली काढा. दारं-खिडक्या दाखवा, दार कुठल्या बाजूला उघडतं तेही. त्याच मापाचे पुठ्ठ्याचे पलंग आणि कपाटं कापून कागदावर सरकवून बघा. 10 बाय 12 च्या खोलीत 6 बाय सव्वासहा फुटांचा डबलबेड टाकला, की जवळजवळ एक तृतीयांश जमीन तोच खातो! शिवाय कपाटाचं दार पूर्ण उघडायला हवं, चालायला किमान दोन-अडीच फूट वाट हवी. पुठ्ठा सरकवायला पैसे पडत नाहीत हो, भिंतीत ठोकलेलं कपाट हलवायला पडतात.

आता आपल्या राज्यात, म्हणजे स्वयंपाकघरात येऊ. आमच्याकडे ओट्याचं काम निघालं तेव्हा मिस्त्री म्हणाला, "ताई, मी सगळीकडे 34 इंचच करतो." म्हटलं, "करत असाल भाऊ, पण सगळीकडे पोळ्या मी लाटत नाही!" हे हसले, पण टेप आणून दिली. घरात स्लीपर घालत असाल तर ती घालून सरळ उभ्या राहा, कोपर काटकोनात वाकवा आणि जमिनीपासून कोपरापर्यंत मोजा. त्यातून चार-पाच इंच वजा करा, ती तुमच्या ओट्याची उंची. माझं कोपर भरलं 37 इंच, म्हणून ओटा झाला 32 इंचांचा. ओटा उंच झाला तर खांदे उचलून लाटायचं, बुटका झाला तर कंबर वाकवून भांडी घासायची. आणि एकदा बांधलेला ओटा बाईची कंबर दुखते म्हणून कुणी फोडत नाही, ती दुखणं तसंच वर्षानुवर्षं काढते.

आणखी दोन गोष्टी. विजेचे पॉइंट रंगकामाआधीच ठरवा. फ्रीज आणि गीझरला 16 अँपिअरचा, मिक्सरला ओट्याजवळ, आणि म्हाताऱ्या माणसांच्या उशाशी हात पोहोचेल असं दिव्याचं बटण. दुसरं म्हणजे प्लायवूड. सिंकखालच्या कपाटाला आयएस 710 चा शिक्का असलेलं पाण्याला टिकणारं प्लाय मागा. कोरड्या खोलीतल्या कपाटाला आयएस 303 चं पुरतं. शिक्का फळीवरच छापलेला असतो, कापायच्या आधी बघून घ्या.

आपल्याकडे पैशाचं बोलणं पुरुष करतात, मापाचं मिस्त्री करतो आणि आपल्याला विचारतात, "रंग कुठला देऊ?" रंग काय, चार वर्षांनी बदलता येतो. मापाच्या वेळी मात्र आपण तिथे उभं असायलाच हवं. आणि हो, सगळ्यांची कपाटं ठरवताना एक कप्पा स्वतःच्या नावाचा ठेवा, तुमची पुस्तकं, भरतकाम, कागदपत्रं असं काहीही ठेवायला. त्याचंही माप आधीच लिहून द्या, नाहीतर त्यात जुनी रद्दी जाऊन बसते!